काटा हवा की आकडा?

मालवणच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी तुम्ही कधी उभे राहिला आहात काय? नसाल तर एकदा अवश्य उभे राहा आणि होडी पाण्यात घालणाऱ्या एखाद्या तांडेलाकडे लक्ष द्या. होडी सोडण्यापूर्वी तो धक्क्याच्या दगडांवर एक नजर टाकतो. पाणी कोणत्या दगडापर्यंत आले आहे हे त्याला दिसते. लाटांचे शिंतोडे सोडले, तर पाण्याच्या वर दगडांवर रुंद ओला पट्टा असणे म्हणजे ओहोटी लागल्याची खूण. वरचे दगड कोरडे असतील तर पाणी अजून चढते आहे. उधाणाचे दिवस असले तर ते भराभर चढणार, भांगाचे असले तर सावकाश. एका दृष्टिक्षेपात त्याला एवढे सारे समजते, आणि त्यात एकही आकडा नसतो.

भरती-ओहोटीचे छापील तक्तेही असतात. त्यांत भरतीची वेळ आणि पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. आज रात्री समुद्रावर जायचे की उद्या पहाटे, हे ठरवायला तो तक्ता हवाच. तेथे दगडाकडे बघून भागत नाही. म्हणजे एकाच पाण्याची माहिती दोन तऱ्हांनी मिळते आणि दोन्ही आपापल्या जागी उपयोगी पडतात.

हाच प्रश्न आता आपल्या मोटारींत आणि दुचाकींत येऊन बसला आहे. गाडीचा वेग दाखवणाऱ्या वेगमापकात, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये, पूर्वी तबकडीवर फिरणारा काटा असे. आता अनेक गाड्यांत काटा नाहीसा झाला आहे आणि त्याच्या जागी ४२, ५७, ६३ असे आकडे उमटतात. विजेवर चालणाऱ्या स्कूटरींत तर बहुधा आकडेच असतात. पुष्कळांना वाटते की आकडा नवा, म्हणून तो अधिक चांगला. या समजुतीशी माझे भांडण आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

काटा कसा हलतो?

प्रथम जुन्या वेगमापकाची ओळख करून घेऊ. जर्मनीतील ओटो शुल्झे यांनी १९०२ साली त्याचे पेटंट घेतले आणि जवळजवळ सारे विसावे शतक तीच रचना जगभर चालली. गाडीच्या गिअरपेटीपासून एक लवचीक केबल निघते आणि चालकासमोरच्या वेगमापकापर्यंत येते. चाके फिरू लागली की केबल फिरते आणि तिच्या टोकाला बसवलेले लहानसे चुंबक फिरू लागते. या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते. चुंबक वाटीला स्पर्श करत नाही. शिवाय ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मग वाटी का हलते?

फ्रान्समधील आरागो या शास्त्रज्ञाला १८२४ च्या सुमारास असे आढळले होते की, तांब्याची चकती जोराने फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसूचीही फिरू लागते. याचे कारण मायकेल फॅरडे यांच्या १८३१ मधील शोधामुळे कळले. चुंबक आणि धातू यांची एकमेकांच्या संदर्भात हालचाल झाली की धातूत विजेचे प्रवाह निर्माण होतात. ते भोवऱ्यासारखे वर्तुळाकार वाहतात, म्हणून त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते आणि त्यामुळे वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. वाटीला घड्याळातल्यासारखी एक बारीक कमान जोडलेली असते. ती वाटीला मागे खेचते. ओढ आणि खेच जेथे सारखी होते तेथे वाटी थांबते. वाटीला काटा जोडलेला असतो. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होते आणि काटा दुप्पट कोनातून वळतो. गाडीच्या बॅटरीचा या कामाशी काही संबंध नाही.

आता एक गोष्ट नीट पाहा. या जुन्या तबकडीत काट्याखाली एक छोटी खिडकी असे आणि तिच्यात गाडी एकूण किती किलोमीटर चालली ते आकड्यांत दिसे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरांना आकडे दाखवता येत नव्हते असे नाही. अंतरासाठी त्यांनी आकडे घेतले आणि वेगासाठी काटा घेतला. अंतर साठत जाते. ते कधी कमी होत नाही आणि ते दर क्षणाला पाहायचे नसते. वेग मात्र क्षणोक्षणी कमीजास्त होतो. घरातल्या विजेच्या मीटरमध्ये वापरलेली युनिटे आकड्यांत दिसतात, तीही अशीच साठत जाणारी राशी म्हणून. मला ही निवड अगदी समंजस वाटते.

घाटातले एक वळण

काट्याचा उपयोग कोठे होतो हे पाहण्यासाठी आपण घाटात जाऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्यातून घाटमाथ्यावर जायचे तर करूळ, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट चढावा लागतो. आंबोली तर महाराष्ट्रातील सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. पावसाळ्यात तेथला रस्ता दिवसेंदिवस ओला असतो.

समजा, घाट उतरताना २० मीटर त्रिज्येचे एक वळण आले. वळणावर गाडीला केंद्राकडे खेचणारे बल टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून मिळते. त्यासाठी लागणारे त्वरण काढायचे तर वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागायचे. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. त्याचा वर्ग सुमारे ६९. भागिले २०, म्हणजे त्वरण सुमारे ३.५. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. त्याचा वर्ग सुमारे १२३. भागिले २०, म्हणजे ६.२. ओल्या रस्त्याचा घर्षणगुणांक ०.४ ते ०.५ धरला आणि रस्ता सपाट मानला, तर घर्षणातून फार तर ४ ते ५ इतके त्वरण मिळू शकते. तेव्हा ३० च्या वेगाने गाडी वळण घेईल आणि ४० च्या वेगाने घसरेल. मधले अंतर केवळ १० किलोमीटरचे आहे.

अशा वेळी चालकाला काय कळायला हवे? आपला वेग ३१ आहे की ३२, हे नव्हे. आपण धोक्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, आणि ब्रेक दाबल्यावर वेग पुरेसा उतरतो आहे का, हे त्याला हवे असते. तेही रस्त्यावरची नजर शक्य तितकी कमी वेळ हलवून. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, हे लक्षात ठेवा. एवढ्या अंतरात रस्त्यावर एखादी म्हैस सहज आडवी येते.

काट्याची जागा डोळ्याला वाचावी लागत नाही. घड्याळाकडे ओझरते पाहून पावणेपाच झाले हे जसे समजते, तसेच हे आहे. काटा तबकडीच्या डाव्या बाजूला आहे की मध्यावर, तो खाली येतो आहे की वर जातो आहे, हे आकार आणि हालचाल यांवरून कळते. आकडा मात्र वाचावा लागतो. वाचल्यावर मर्यादेशी त्याची तुलना मनात करावी लागते. आणि तो वाढतो आहे की कमी होतो आहे हे कळायला निदान दोन वेळा वाचावा लागतो.

येथे आणखी एक अडचण आहे. आकडे फार भराभर बदलू दिले तर ते वाचताच येत नाहीत. ७ आणि ८ एकमेकांत मिसळून जातात. म्हणून आकडा क्षणभर स्थिर ठेवावा लागतो. समजा, तो सेकंदातून दोनदा बदलतो. चालकाने जोराने ब्रेक दाबला आणि वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १८ किलोमीटर इतका उतरू लागला, तर आकडे ६०, ५१, ४२, ३३ अशा उड्या मारत खाली येतील. मधले वेग गाडीने घेतले, पण ते कोणाला दिसले नाहीत.

वयाचाही प्रश्न आहे. चाळिशीनंतर जवळचे पाहताना डोळ्याला वेळ लागतो. रस्त्यावरून नजर काढून दोन हातांवरचा आकडा स्पष्ट दिसेपर्यंत क्षण जातो आणि अंधुक दिसणाऱ्या ३ आणि ८ यांत गोंधळ होतो. काटा अंधुक दिसला तरी त्याचा कोन तोच राहतो. तुमच्या आजोबांना विचारून पाहा.

आकड्याचा नेमकेपणा

“पण आकडा अचूक असतो ना?” असे तुम्ही विचाराल. येथेच सर्वांत मोठी फसगत होते.

वेगमापक, मग तो काट्याचा असो वा आकड्यांचा, रस्त्यावरचा वेग प्रत्यक्ष मोजत नाही. तो फिरणे मोजतो. चाकाचा घेर ठरावीक आहे असे धरून त्यावरून वेग काढला जातो. आता समजा, नव्या टायरसह चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर आहे. टायर सगळीकडून ५ मिलिमीटर झिजला की व्यास ५९ सेंटिमीटर होतो. आता चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी पूर्वीपेक्षा कमी अंतर जाते. वेगमापकाला हे कसे कळणार? तो ६० दाखवील तेव्हा खरा वेग ५९ असेल. टायरमध्ये हवा कमी असली तरी असाच थोडा फरक पडतो.

शिवाय वेगमापक मुद्दाम थोडा पुढचा वेग दाखवील असा बनवलेला असतो. अनेक देशांनी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार, दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. तो जास्त असलेला मात्र चालतो. खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर इतका. म्हणजे गाडी खरोखर ६० ने धावत असताना वेगमापकाने ७० पर्यंत काहीही दाखवले तरी तो नियमात बसतो!

अशा उपकरणाने ६३ असा आकडा दाखवला, तर त्यातल्या ३ वर किती विश्वास ठेवावा? काटा ६० च्या जरा पुढे आहे असे दिसले की आपण “साधारण ६०” म्हणतो आणि ते खरे असते. आकडा ६३ दिसला की आपण “६३” म्हणतो आणि त्यातला शेवटचा अंक आपल्याला नसलेले ज्ञान असल्याचा भास देतो. किती बारीक दाखवले आणि किती बरोबर मोजले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेत तुमच्या शिक्षकांनी हा फरक सांगितला असेलच. बाजारात मासळी तोलणाऱ्या विजेच्या काट्यावर १.२४५ किलो असे दिसते तेव्हाही तो आठवा. पारडे ओले आहे का, काटा आधी शून्यावर होता का, हे प्रश्न तीन दशांश स्थळांनी मिटत नाहीत.

आकडे बिघडतात तेव्हाही फसवतात. सात दांड्यांनी बनणारा अंक तुम्ही गणकयंत्रात पाहिला असेल. ८ मध्ये सातही दांड्या पेटलेल्या असतात. त्यांतली उजवीकडची वरची दांडी बिघडली की ८ चा ६ होतो. मग ८० चे ६० दिसतात आणि संशय घ्यायला जागाच राहत नाही. केबल कोरडी पडली की काटा थरथरतो, केबल तुटली की तो शून्यावर पडून राहतो. बिघाड झाला हे लगेच कळते.

आता दुसरी बाजू

एकाच बाजूने बोलणे शास्त्राला शोभत नाही. तेव्हा काट्याचे दोषही मांडतो.

पहिला दोष दृष्टिभेदाचा. काटा तबकडीच्या थोडा पुढे असतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याच्या डावीकडे बसलेल्या माणसाला काटा तिरकस दिसतो आणि तो तबकडीवर जरा उजवीकडे सरकलेला भासतो. काटा सरळ वर असेल तर उजवीकडे म्हणजे जास्त वेग. म्हणून आई शेजारून म्हणते, “अहो, सत्तर झाले!” आणि बाबा म्हणतात, “कुठे? पासष्ट तर आहेत.” यात दोघांचीही चूक नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर. विमानाची उंची दाखवणाऱ्या जुन्या उपकरणात तीन काटे असत: एक शेकडा फुटांचा, एक हजारांचा आणि एक दहा हजारांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या संशोधकांनी वैमानिकांकडून उपकरणे वाचताना झालेल्या २७० चुकांची हकीकत गोळा केली आणि ती १९४७ साली मांडली. या तीन काट्यांच्या उपकरणाने वैमानिकांना हजारो फुटांनी चकवले होते. त्यानंतर वॉल्टर ग्रेथर यांनी उंची दाखवण्याच्या निरनिराळ्या रचना १९४९ मध्ये पडताळून पाहिल्या. नेमकी उंची झटपट आणि बिनचूक वाचायची असेल तर साधे आकडेच सरस ठरतात, असे त्यांना दिसले. तेव्हा काटा सर्वत्र श्रेष्ठ असा माझा मुळीच दावा नाही.

रुंद झालेल्या मुंबई-गोवा महामार्गावर गाडी एकसारख्या वेगाने चालते. तेथे मर्यादेची पाटी आकड्यात असते. आपण त्या आकड्याच्या आत आहोत की नाही हे पाहायला आकडाच सोयीचा. त्यातही दुसरा एक मार्ग आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ताशी ८० किलोमीटर ओलांडले की इशाऱ्याचा आवाज होतो आणि १२० ओलांडल्यावर तो सतत वाजत राहतो. हा इशारा कानाने मिळतो, डोळा रस्त्यावरच राहतो. मला ही तऱ्हा फार आवडली.

भांडण कशाशी?

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. आजच्या बहुतेक गाड्यांतून ती जुनी केबल आणि ॲल्युमिनियमची वाटी केव्हाच गेली आहे. चाकाजवळचा संवेदक विजेचे ठोके पाठवतो, गाडीतला लहान संगणक ते मोजतो आणि वेग काढतो. तो वेग मग आकड्यांनी दाखवायचा की छोट्या मोटरने काटा फिरवून, की पडद्यावर काट्याचे चित्र काढून, हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर असते. आतले यंत्र सगळीकडे अंकांचेच आहे. तेव्हा जुने विरुद्ध नवे असा हा वाद उरलेला नाही. माणसाच्या डोळ्यासमोर काय ठेवावे, एवढाच प्रश्न आहे.

ब्रिटनमधील ॲस्टन मार्टिन कंपनीने १९७६ साली लगोंडा ही गाडी आकड्यांच्या वेगमापकासह लोकांसमोर आणली. आपल्याकडे २००६ मध्ये आलेल्या होंडा सिव्हिकमध्ये वेगाचा मोठा आकडा होता. टेस्ला कंपनीच्या २०१७ मधील मॉडेल ३ मध्ये तर चालकासमोर काहीच नाही. वेगाचा आकडा मधल्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. पडदा मोठा आणि गुळगुळीत असला की दुकानात उभी असलेली गाडी छान दिसते. पण ती पुढे पावसात, रात्री, आंबोलीच्या धुक्यात चालवायची असते, आणि शेजारी किंवा मागे तुम्ही बसलेले असता. म्हणून माझे मत असे की वेगासाठी काटा, निदान काट्याचे स्पष्ट चित्र, चालकाच्या अगदी समोर असावे. त्याच्या पोटात हवा तर आकडा द्यावा. काटा काढून नुसता आकडा ठेवणे मला पटत नाही.

तुम्ही ते तसेच मान्य करू नका. दोन प्रयोग सांगतो, ते करून पाहा.

पहिला घरी. पुठ्ठ्याचे वीस तुकडे घ्या. दहांवर ० ते १०० ची तबकडी आणि निरनिराळ्या जागी काटा काढा. उरलेल्या दहांवर नुसते आकडे लिहा. मित्राला एकेक तुकडा अर्धा सेकंद दाखवून झाका. एका फेरीत विचारा, “५० च्या वर की खाली?” दुसऱ्या फेरीत विचारा, “नेमके किती?” चुका मोजा. नंतर हेच तुकडे चष्मा काढलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला दाखवा.

दुसरा प्रयोग प्रवासात, मागच्या आसनावर बसून. सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगमापकावर ६० दाखवत एकसारखी चालत असेल तेव्हा रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दोन लागोपाठच्या दगडांमधला वेळ घड्याळावर मोजा. चालकाशी त्या वेळी बोलू नका. खरा वेग ६० असेल तर ६० सेकंद लागतील. ६२ लागले तर ३६०० ला ६२ ने भागा. वेग सुमारे ५८ येईल. दगड कधी कधी पुढेमागे लावलेले असतात, म्हणून पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढा. गाडीचे टायर नवे आहेत की झिजलेले, हेही वहीत शेजारी लिहून ठेवा.